दिसतंय म्हणून सांग

नाना, आज सकाळी मी घराच्या छपरावर चढलो होतो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, एकटा, खाली शिडी धरायला कुणी नाही. तुम्ही असतात तर आधी शिडी हलवून बघितली असतीत, मग माझ्या पायांकडे बघितलं असतंत, आणि चपला दिसल्या असत्या तर एक शब्द न बोलता आत निघून गेला असतात. म्हणून आधीच सांगतो, बूट घातले होते आणि शिडीच्या पायाशी विटा लावल्या होत्या. चढलो ते अँटेना बसवायला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. त्यानंतर चार-पाच वर्षांत आपल्याकडे केबल आली, घरोघर वायर गेली, तुमच्या हातची अँटेना आईनं भंगारवाल्याला दिली आणि तिच्या पाइपाला दोरी बांधून पुढे कितीतरी वर्षं कपडे वाळत घातले. मी अमेरिकेत आलो तर इथे आधीपासून केबलच होती. आणि आता दोन हजार आठ साली इथले शहाणे लोक ती वायर कापायला लागले आहेत. सिनेमे आणि मालिका इंटरनेटवरून बघायच्या, आणि बातम्यांसाठी, खेळांसाठी छपरावर परत अँटेना लावायची. इंटरनेट म्हणजे काय ते सांगत बसलो तर पत्र तिथेच संपेल. टेलिफोनच्या तारेतून चित्र येतं एवढं समजा. माझी मुलगी, तुम्ही न पाहिलेली तुमची नात, मार्चच्या सुट्टीत कॉलेजमधून घरी आली होती. तिनं माझा जुना लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला, कोणतं बटण दाबलं की सिनेमा लागतो ते चिठ्ठीवर लिहून फ्रीजला चिकटवलं, आणि म्हणाली की बाबा, तू एकटा, दोनशे चॅनल कशाला पाहिजेत तुला. मला तिचं म्हणणं पटलं. खरं म्हणजे दोनशेपैकी एकही मी बघत नव्हतो. केबल घेतली होती ती आईसाठी.

यातली अडचण तुम्हाला लगेच कळेल. अँटेना हे एका माणसाचं काम नाही. एकानं वर पाइप फिरवायचा, दुसऱ्यानं खाली चित्र बघायचं. आपल्या घरात तर तिघं लागायचे. एकोणीसशे सत्त्याहत्तरला तुम्ही टीव्ही आणलात, गावातला तिसरा. सिंहगडावरच्या टॉवरचं चित्र आपल्यापर्यंत पोचता पोचता दमून जायचं, म्हणून तुम्ही मागच्या खोलीच्या पत्र्यावर वीस फुटी पाइप उभा केलात. तुम्ही पत्र्यावर, मी बाहेरच्या लाकडी जिन्यात, आणि आई आत टीव्हीसमोर. आतून ओरडलेलं वर ऐकू जायचं नाही, म्हणून आई बघायची, मला सांगायची, आणि मी वर ओरडायचो. शब्दही तुम्ही ठरवून दिले होते, चारच. आलं. गेलं. मुंग्या. आवाज आहे, चित्र नाही. यापेक्षा जास्त बोललेलं तुम्हाला चालत नसे. नीरा कालव्यावर ओव्हरसियर म्हणून तुमची सगळी नोकरी लेव्हल लावण्यात गेली, एक जण दुर्बिणीला डोळा लावून आणि दुसरा शंभर पावलांवर पट्टी धरून उभा. पट्टी धरणाऱ्यानं कंटाळून ती वाकडी धरली आणि सरळ आहे म्हणून हात केला, तर वर्षभरानं कुणाच्या तरी शेतात पाणी चढत नाही, हे तुम्ही जेवताना इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पाढ्यांसारखं पाठ होतं.

तो मे महिन्यातला रविवारही तुमच्या लक्षात असेल. आदल्या दिवशी वळवाच्या वाऱ्यानं अँटेना फिरली होती. संध्याकाळच्या सिनेमाला अर्धी आळी येणार, बायका दुपारपासून विचारून जात होत्या. तुम्ही काविळीतून उठून आठ दिवसही झाले नव्हते, डोळे अजून पिवळे होते, तरी तीन वाजता पत्र्यावर चढलात. तासभर झाला. मी जिन्यात घामानं भिजलो होतो, पत्र्यावर तुमचं काय होत असेल ते तुम्हालाच माहीत. आणि मग मी ओरडलो, "आलं." तुम्ही नटबोल्ट आवळलेत, उतरलात, हातपाय धुतलेत, पंच्यानं तोंड पुसत आत आलात. तोवर दहा-बारा माणसं सतरंजीवर येऊन बसली होती आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. तुम्ही आवाज चढवला नाहीत. सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणालात, "मी वर असतो तेव्हा माझे डोळे खाली तुझ्याकडे असतात. तू खोटं बोललास की मी आंधळा." आणि परत वर गेलात. त्या दिवशी जिन्यात शेजारचे कंपाउंडर काका उभे राहिले, त्यानंतरही प्रत्येक वेळी तेच. मला तुम्ही पुन्हा कधी जिन्यात उभं केलं नाहीत. पंधरा वर्षांचा होतो मी. मारलं असतंत तर बरं झालं असतं. मी असं का ओरडलो ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आज सांगणार आहे, पण त्याची जागा आली की.

आधी आईचं. आई दोन हजार तीन साली माझ्याकडे आली. मुलीची आई आणि मी त्याच्या आदल्या वर्षी वेगळे झालो होतो. हे तुम्हाला आवडलं नसतं, पण दोष कुणा एकाचा नव्हता एवढंच लिहितो. मुलगी चौदा वर्षांची, माझ्याकडे राहायची. औषधाच्या कारखान्यात यंत्रं बरोबर मोजतात की नाही ते तपासायचं माझं काम, सकाळी साडेसातला निघायचो ते सहाला परत. घरी कुणीतरी हवं होतं. आईला मी सहा महिने म्हणून बोलावलं. गावात ती सगळ्यांना सहा महिनेच सांगून आली होती, मागच्या दाराची किल्ली शेजारी दिली होती, तुळशीला पाणी घालायचं मावशीवर सोपवलं होतं. मग मी तिचं ग्रीन कार्ड केलं. ते केल्यावर कळलं की आता वर्षभर बाहेर राहता येत नाही, राहिलं तर कार्ड जातं. खरं तर दोन-तीन महिने जाऊन यायला काहीच हरकत नव्हती, पण कार्डाचं कारण मला सोयीचं पडलं. आई म्हणायची, एकदा जाऊन येते. मी म्हणायचो, पुढच्या उन्हाळ्यात. पुढच्या उन्हाळ्यात मुलीची ड्रायव्हिंगची परीक्षा असायची, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजचे अर्ज. आई म्हणायची, बरं. सहा महिन्यांची साडेचार वर्षं झाली.

आम्ही राहतो ते कॅरी हे गाव कसं आहे ते तुम्हाला सांगायला हवं. झाडं उदंड, रस्ते स्वच्छ, आणि दुपारी बारा वाजता आमच्या वस्तीत चिटपाखरू नसतं. गाडीशिवाय इथे माणसाला पाय नाहीत. आई सकाळी आम्हा दोघांना डबे द्यायची, दारात उभी राहून हात करायची, आणि मुलीची बस साडेतीनला येईपर्यंत घरात एकटी. अकराच्या सुमाराला टपालाच्या पेटीपर्यंत चालत जायची, तेवढंच तिचं बाहेर पडणं. पेटी दीडशे पावलांवर आहे, ती तिनं मोजली होती. तिच्यासाठी मी केबलवर भारतातल्या हिंदी चॅनलचं पॅकेज घेतलं होतं, रिमोटवरचे नंबर ठळक लिहून दिले होते, आणि एक चांगला मुलगा जे जे करतो ते सगळं केल्याचं समाधान मला मिळालं होतं. संध्याकाळी घरात शिरलो की मी विचारायचो, "आई, कंटाळा नाही ना आला?" ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "छे, कसला कंटाळा? एवढे चॅनल आहेत."

पहिली दोन-अडीच वर्षं ती एक मालिका बघायची, तिच्यातल्या सूनबाईचे हाल जेवताना आम्हाला ऐकवायची. पुढे पुढे तिचं सांगणं कमी झालं, मग मी चेष्टेनं विचारायचो, काय म्हणते तुझी सूनबाई. आई म्हणायची, "माहेरी जायचंय म्हणते बिचारी." महिन्याभरानं परत विचारलं की म्हणायची, "अजून नाही गेली. नवरा म्हणतो पुढच्या महिन्यात जा." मी हसायचो. या मालिका काही पुढे सरकत नाहीत, असं म्हणून मी आणखी एक पोळी घ्यायचो. त्याच सुमाराला आईला दुसरा एक नाद लागला. रोज सकाळी मला सांगायची, आज तीननंतर पाऊस आहे, छत्री ने. उद्या रस्त्यावर बर्फ होणार आहे, हळू जा. आणि ते खरं व्हायचं. एकदा तर जेवताना म्हणाली की कॅन्ससला फार मोठी वावटळ आली रे, लोकांची छपरं उडाली. मी ऑफिसात ही गोष्ट हसत हसत सांगितली, आमची आई पक्की अमेरिकन झाली म्हणून. यंत्र चुकीचं मोजतंय की काय हे ओळखण्याचा मला पगार मिळतो, नाना.

गेल्या ऑगस्टमध्ये मुलगी टेक्सासला कॉलेजात गेली. विमानतळावरून परत येताना आई गाडीत म्हणाली, "आता माझं काम झालं. आता तर जाऊ ना?" मी डिसेंबरचं तिकीट काढलं. तिनं दुसऱ्याच दिवशी बॅग बाहेर काढली आणि भिंतीशी उघडी ठेवली, रोज एखादी वस्तू आत टाकायची. मावशीसाठी स्वेटर, तुळशीपुढे लावायला एक विजेची पणती. दिवाळीनंतर चार दिवसांनी, सकाळी, कणीक मळून झाकून ठेवली होती आणि ती स्वयंपाकघरात खाली बसलेली मला दिसली. हॉस्पिटलात दोन दिवस होती. डिसेंबरच्या त्याच तारखेला मी अस्थी घेऊन गेलो. नीरेत सोडल्या, तुमच्या सोडल्या होत्या तिथेच, कालव्याच्या तोंडाजवळ. हे तुम्हाला तिच्याकडून कळलंच असेल.

आता केबल बंद करायचं ठरलं तेव्हा, एप्रिलमध्ये, मी कंपनीला फोन लावला. इथे काहीही बंद करायचं म्हटलं की एक गोड आवाजाची बाई तुम्हाला अडवायला बसवलेली असते. तिनं विचारलं का बंद करताय, आम्ही काय चुकलो. मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, भारतीय चॅनल माझी आई बघायची, ती आता नाही. बाई मनापासून वाईट वाटल्यासारखं बोलली, आणि मग खातं बघून म्हणाली की सर, तुमच्या खात्यावर भारतीय चॅनल नाहीतच. मी म्हटलं, पाच वर्षं आहेत. ती म्हणाली, नाही, दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत निघालेत. तुम्ही फोन, इंटरनेट आणि टीव्ही एकत्र करून घेतलंत तेव्हा ते पॅकेज त्यात धरलं नव्हतं, तुम्हाला विचारून तुमचा होकार घेतलाय, तशी नोंद आहे. मला तो फोन आठवला. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत, गाडीत बसून केला होता. पलीकडचा माणूस भराभरा वाचत होता आणि मी सँडविच खात यस, यस म्हणत होतो. बिल आपोआप भरलं जायचं, ते मी कधी उघडून बघितलं नाही. चूक त्यांची नव्हती. मी फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं. फेब्रुवारी दोन हजार सहा ते नोव्हेंबर दोन हजार सात. एकवीस महिने. एकवीस महिने त्या टीव्हीवर आईला कळेल असं एक अक्षर येत नव्हतं, आणि ती मला सांगत होती, एवढे चॅनल आहेत.

मी मुलीला फोन लावला. ती लायब्ररीच्या बाहेर येऊन बोलली. मी विचारलं, आजीचे चॅनल बंद झाले होते ते तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "येस, आय न्यू." मी विचारलं, मग ती दिवसभर काय बघायची? "द वेदर, बाबा. ते मॅप्स तिला आवडायचे. वर्ड्स नको, शी सेड, रंग बघून कळतं." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली की तुझ्या ऑफिसात तेव्हा लेऑफ चालले होते, तू जेवताना तेच बोलायचास. आजीला वाटलं, तू मुद्दाम बंद केलेत, पैसे कमी पडत असतील म्हणून. "आजी म्हणाली, डोन्ट टेल बाबा. त्याला वाईट वाटेल. शी मेड मी प्रॉमिस." आणि ती सूनबाईची मालिका? "शी मेड इट अप. मला आधी सांगायची आज काय सांगणार ते."

मला राग आला होता, नाना. तुमचाच राग, तोच थंड. जिभेवर अगदी तुमचं वाक्य आलं होतं, माझे डोळे तुझ्याकडे होते म्हणून. आणि ते वाक्य तोंडात असतानाच मला तो जिना आठवला, म्हणून आता त्याची जागा आली. त्या रविवारी आत टीव्हीवर मुंग्याच होत्या. मी खिडकीतून आईला विचारलं, आलं का. तिनं टीव्हीकडे बघितलंच नाही, खिडकीशी येऊन पत्र्याकडे बघितलं. वर तुम्ही पाइपाला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं डोळ्यांवरचा घाम पुसत होतात, आणि तुमचे पाय कापताना खालून दिसत होते. आई म्हणाली, "दिसतंय म्हणून सांग." मी म्हटलं, अगं पण मुंग्या आहेत. ती म्हणाली, "उतरू दे त्यांना. सांग." मी सांगितलं. तुम्ही सगळ्यांसमोर मला बोललात तेव्हा ती दारातच उभी होती, पदर तोंडाशी धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला साखरपोळी केली, एकट्यापुरती, आणि पान वाढताना हळूच म्हणाली, "त्यांना कळू देऊ नकोस. आजारपणाची कीव केलेली त्यांना खपायची नाही." मी शब्द दिला. तुम्ही गेल्यावरही पाळला. म्हणून मुलीला मी एवढंच म्हटलं की तुझ्यावर राग नाही, मलाही तिनं एकदा असंच जिन्यात उभं केलं होतं. तिला त्यातलं काही कळलं नसणार. ती रडत होती. मी म्हटलं, उन्हाळ्यात आलीस की सांगेन.

यात एक गोष्ट माझी पाठ सोडत नाही. जगात दुसऱ्या कुणाला नाही, पण मला माहीत होतं की दिसत नसताना दिसतंय म्हणणारी बाई आहे ती. वरच्या माणसाचे पाय कापताना दिसले की ती टीव्हीकडे बघत नाही. तीस वर्षं हे फक्त मला माहीत होतं.

तर आजची सकाळ. अँटेना हलकी, ॲल्युमिनियमची, एका हातात मावणारी. तुमच्या त्या पाइपाची दहा टक्केही नसेल. टॉवर आमच्या आग्नेयेला, ते नकाशावर बघून होकायंत्र लावलं. पकडीत बसवली, थोडी फिरवली, आणि नाना, मी खाली तोंड करून ओरडलो, "आलं का?" मराठीत, मोठ्यानं. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ हिरवळ कापत होते. त्यांनी यंत्र बंद करून विचारलं, काय झालं, बरा आहेस ना. मी सांगितलं काय चाललंय ते, तर बिचारे आपण होऊन आत गेले टीव्ही बघायला. सज्जन माणूस. दर दोन मिनिटांनी बाहेर येऊन सांगायचे, "लुक्स ग्रेट!" मी खाली उतरून बघितलं तर पडदा काळा. हल्ली मुंग्या नसतात. चित्र एक तर लख्ख असतं, नाही तर चौकोन होऊन फुटतं आणि जातं. मी म्हटलं, काहीच दिसत नाहीये की. ते म्हणाले, हो, पण मघाशी दोन सेकंद खरंच छान होतं. तुम्ही त्यांना कालव्यावर एक दिवस ठेवलं नसतंत. मी त्यांचे आभार मानले, ते परत हिरवळीकडे गेले.

मग मला एक युक्ती सुचली. चित्र फुटलं की आवाजही तुटतो. तेव्हा घरातला फोन टीव्हीसमोर ठेवायचा, वरून मोबाइलनं त्याला फोन लावायचा, आणि आवाज अखंड आला की अँटेना बरोबर. दोघांचं काम एकटा करतोय म्हणून मी स्वतःवर खूश झालो. फोन टीव्हीसमोर ठेवला, टीव्हीचा आवाज मोठा केला, वर चढलो आणि नंबर लावला. वाजायला लागल्यावर लक्षात आलं की तो उचलणार कोण. आधी लावून, खाली उचलून, मग वर यायला हवं होतं. खाली कुणीतरी आहे असं धरूनच मी चाललो होतो. चार वेळा वाजला आणि आन्सरिंग मशीन लागलं. त्यावर आईचा आवाज आहे. आली त्या वर्षी नातीनं तिच्याकडून बोलून घेतलं होतं, मागून तिचं खुदखुदणं ऐकू येतं. आई एकेक शब्द पायरी उतरावी तसा टाकते, "हॅलो. वुई आर नॉट होम." आणि मग तिला वाटतं की मराठी माणसाचा फोन असला तर, म्हणून घाईनं म्हणते, "घरात कुणी नाहीये."

इंग्रजी बोलावं लागेल या भीतीनं ती फोन उचलायची नाही. फोन वाजला की मशीनजवळ जाऊन उभी राहायची, घरात कुणी नाही हे स्वतःच्याच आवाजात ऐकायची, आणि पुढे माझा आवाज आला तरच उचलायची. म्हणून ऑफिसातून फोन केला की मशीनची बीप वाजल्यावर मी म्हणायचो, आई, मी आहे, उचल. साडेचार वर्षांची सवय. आज छपरावर बसून, एका हातात पाना धरून, बीप वाजली आणि मी म्हणालो, "आई, मी आहे. उचल." आणि मी थांबलो, नाना. चांगला थांबलो, तिला पोळपाट बाजूला सारून हात पुसून यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. मशीनचा वेळ संपला आणि फोन बंद झाला. समोरच्यांचं हिरवळ कापायचं यंत्र चालू होतं म्हणून बरं, माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

अँटेना लागली शेवटी. अकरा वेळा चढलो आणि उतरलो, दर वेळी वर खूण करून, दर वेळी खाली स्वतःच्या डोळ्यांनी बघून. चित्र इतकं स्वच्छ आलंय की बातम्या सांगणाऱ्याच्या कोटाचा धागा दिसतो. तेवीस चॅनल लागतात, त्यांतला एक फक्त हवामानाचा, नुसता नकाशा आणि त्यावर सरकणारे रंग. तोच लावून ठेवलाय. रात्री आठनंतर पश्चिमेकडून पाऊस आहे. फोनच्या मशीनवर लाल दिवा लुकलुकतोय, एक निरोप आहे म्हणून. तो माझाच आहे. अजून पुसला नाही.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. त्या रविवारचं तुम्हाला कळू देणार नाही असा आईला शब्द दिलाय, आणि आता ती तुमच्याजवळच आहे. तुम्ही वाचत असताना ती दारात उभी असेल. पण टाकलंच असतं, तर एवढ्याचसाठी की तिला तिथे करमतं का ते विचारू नका. ती हो म्हणेल. नुसते समोर बसा आणि तिच्या तोंडाकडे बघा. मी रोज विचारायचो, आणि विचारताना टपाल चाळत असायचो. टपालात काही नसायचं, नाना. मान वर केली असती तर मला कळलं असतं, आणि कळलं असतं तर तिला पाठवावं लागलं असतं.